ऐतिहासिक वादविवाद (अध्यापनपद्धती)

ऐतिहासिक वादविवाद ही इतिहास विषयाच्या अध्यापनातील एक पद्धती आहे. इतिहासातील एखाद्या निर्णयाविषयी, कारणाविषयी किंवा परिणामाविषयी निश्चित शब्दांत मांडलेल्या ठरावावर विद्यार्थ्यांचे दोन पक्ष ठरावीक वेळेत व ठरावीक क्रमाने आपली बाजू मांडतात, परस्परांचे खंडन करतात आणि उर्वरित वर्ग प्रश्न विचारून चर्चेत भाग घेतो. विधानास पुराव्याचा आधार असणे ही या पद्धतीची मुख्य अट आहे. महाराष्ट्रातील शाळांत रुजलेल्या वक्तृत्व स्पर्धेपासून ती याच अटीमुळे वेगळी ठरते. वक्तृत्वात पाठ केलेले भाषण चालते. वादविवादात प्रतिपक्षाच्या पहिल्याच प्रश्नाला ते अपुरे पडते.

पार्श्वभूमी

भारतीय परंपरेत वादपद्धतीचा विचार प्राचीन आहे. न्यायदर्शनात चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्यनिर्णयासाठी केलेली चर्चा तो वाद, जिंकण्यासाठी केलेली तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणे ती वितंडा. शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडून मगच सिद्धान्त सांगण्याची रीत आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत मांडता आले पाहिजे, ही पूर्वपक्षाची कसोटी आजच्या वर्गातही उपयोगी पडते. सध्याच्या वादविवादाची बाह्य रचना, म्हणजे ठराव, अध्यक्ष, वेळेचे बंधन व शेवटी मतदान, ही मात्र ब्रिटिश संसद व तेथील विद्यापीठांतील वादसभा यांच्या वळणाची आहे.

ठरावाची निवड

वादविवादाचे यश बव्हंशी ठरावाच्या शब्दरचनेवर अवलंबून असते. ‘टिळक श्रेष्ठ की गांधी श्रेष्ठ’ यांसारख्या विषयांतून भक्तिभावापलीकडे काही निष्पन्न होत नाही, कारण श्रेष्ठत्व मोजण्याचे माप कोणापाशीच नसते. ‘१८५७ : बंड की स्वातंत्र्यसमर’ हा शाळांचा आवडता विषय आहे. त्यात बहुतेक वेळ ‘स्वातंत्र्यसमर’ या शब्दाच्या व्याख्येवर खर्च होतो आणि मीरत, दिल्ली, कानपूर, झाशी येथे प्रत्यक्ष काय घडले हे बाजूला राहते. याउलट ‘१७६१ च्या पानिपतच्या पराभवास युद्धभूमीवरील चुकांपेक्षा रसद तुटणे अधिक कारणीभूत होते’ हा ठराव दोन कारणांची तुलना करण्यास भाग पाडतो. तो सिद्ध करण्यासाठी पत्रव्यवहार, काशीराजाचा वृत्तान्त व घटनेनंतर लिहिल्या गेलेल्या बखरी यांचे तारतम्य ठरवावे लागते.

चांगल्या ठरावात काळ, स्थळ व कर्ता स्पष्ट असतो. तो होकारार्थी वाक्यात असावा. ‘चांगला पर्याय उपलब्ध नव्हता’ अशा नकारार्थी ठरावाला विरोध करताना विद्यार्थी नकाराचा नकार करू लागतात व दोन्ही पक्ष गोंधळतात. दोन्ही बाजूंना विश्वसनीय पुरावा मिळण्याजोगा आहे की नाही, हे शिक्षकाने ठराव जाहीर करण्यापूर्वीच पाहिलेले असावे लागते.

जे प्रश्न वादाचे होऊच शकत नाहीत त्यांचाही विचार येथे करावा लागतो. अस्पृश्यता, सती किंवा गुलामगिरी योग्य होती काय, असा ठराव वर्गात ठेवू नये. त्यात एका पक्षाला माणसाच्या प्रतिष्ठेविरुद्ध युक्तिवाद करावा लागतो आणि ज्यांच्या घराने ते भोगले आहे असे विद्यार्थी त्याच बाकांवर बसलेले असतात. त्या प्रथांविरुद्ध कोणत्या मार्गाने लढावे, कायद्याने किती साधले, तडजोड कोणत्या टप्प्यावर करावी, हे प्रश्न मात्र खऱ्या अर्थाने वादाचे आहेत. त्या काळी एकाच ध्येयाची माणसेही त्यांवर एकमत नव्हती.

उदाहरण : पुणे करार

या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाचे उदाहरण म्हणून १९३२ चा पुणे करार घेता येतो. ठरावाचे शब्द असे असू शकतात : ‘सप्टेंबर १९३२ च्या परिस्थितीत पुणे करार हा अस्पृश्य वर्गासाठी उपलब्ध पर्यायांपैकी सर्वांत लाभदायक पर्याय होता.’

घटनाक्रम थोडक्यात असा आहे. गोलमेज परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी केली. महात्मा गांधींनी १३ नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनमध्ये या मागणीला प्राण पणाला लावून विरोध करण्याचा निर्धार जाहीर केला. ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांचा जातीय निवाडा १६ ऑगस्ट १९३२ रोजी प्रसिद्ध झाला व त्याने अस्पृश्यांसाठी विशेष मतदारसंघ मान्य केले. येरवडा तुरुंगात असलेल्या गांधींनी २० सप्टेंबर रोजी आमरण उपोषण आरंभिले. २४ सप्टेंबर रोजी पुणे करारावर सह्या झाल्या आणि ब्रिटिश सरकारने तो मान्य केल्यावर २६ सप्टेंबर रोजी उपोषण सुटले.

वादाचा गाभा करारातील तपशिलात आहे. निवाड्याने प्रांतिक कायदेमंडळांत दिलेल्या विशेष जागांचा आकडा सामान्यतः ७१ असा दिला जातो; कराराने राखीव जागा १४८ केल्या. त्यांपैकी मद्रास व बंगालला प्रत्येकी ३०, मध्य प्रांत व संयुक्त प्रांतांना प्रत्येकी २०, बिहार-ओरिसाला १८, सिंधसह मुंबईला १५, पंजाबला ८ व आसामला ७ जागा होत्या. अनुकूल पक्षाचा पहिला वक्ता बहुधा याच आकड्यांनी सुरुवात करतो आणि जागा दुपटीहून अधिक झाल्या असे सांगतो. प्रतिकूल पक्षाची तयारी नीट झाली असेल, तर तो आकडा मान्य करून जागेचे स्वरूप विचारतो. निवाड्यानुसार अस्पृश्य मतदाराला दोन मते होती : एक विशेष मतदारसंघात आणि एक सर्वसाधारण मतदारसंघात. करारानंतर राखीव जागेवरचा उमेदवार संयुक्त मतदारांच्या मतांवर निवडून यायचा, त्यामुळे जेथे सवर्ण मतदार अधिक तेथे अंतिम निवड त्यांच्या हाती गेली. यावर अनुकूल पक्षापाशीही उत्तर असते. करारात प्राथमिक निवडणुकीची तरतूद होती. अस्पृश्य मतदारांनीच आधी चार उमेदवारांची यादी निवडायची होती व त्या चौघांबाहेरचा कोणी राखीव जागेवर उभा राहू शकत नव्हता. ही तरतूद दहा वर्षांपुरती होती, हे प्रतिकूल पक्ष तत्काळ निदर्शनास आणतो. निवाड्यातील विशेष मतदारसंघही कायमचे नव्हते, त्यांनाही वीस वर्षांची मर्यादा होती, हे त्यावरचे प्रत्युत्तर. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या म्हणजे पाठ्यपुस्तकातील काही ओळींत आटोपणारा करार वर्गापुढे कलमवार उलगडतो.

‘उपलब्ध पर्यायांपैकी’ हे शब्द ठरावात मुद्दाम आहेत. उपोषणाने निर्माण केलेला दबाव हा या प्रश्नाचा अविभाज्य भाग आहे. गांधींच्या प्राणाला अपाय झाला असता तर खेड्यापाड्यांत विखुरलेल्या अस्पृश्य वस्त्यांवर काय ओढवले असते, याचा विचार केल्यावाचून आंबेडकरांपुढचा पेच समजत नाही. हा मुद्दा अनुकूल व प्रतिकूल असे दोन्ही पक्ष वापरू शकतात. दबावाखालीही आंबेडकरांनी शक्य तेवढे पदरात पाडून घेतले, असे एक पक्ष म्हणेल. दबावाखाली केलेल्या कराराला लाभदायक कसे म्हणावे, असे दुसरा विचारेल.

साधनांचा शोध

तयारीसाठी साधारण दोन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात सर्व विद्यार्थी दोन्ही बाजूंची साधने वाचतात आणि कोणता गट कोणत्या बाजूने बोलणार हे चिठ्ठी टाकून वादविवादाच्या दोन-तीन दिवस आधीच ठरते. बाजू प्रथमच ठरवून दिली, तर विद्यार्थी केवळ सोयीचा पुरावा गोळा करतात, असा शिक्षकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. चिठ्ठीचा आणखी एक लाभ असा की, विद्यार्थ्याने मांडलेली बाजू ही त्याच्या घराची, जातीची वा पक्षाची बाजू मानली जात नाही.

पुणे कराराच्या बाबतीत साधने विपुल आहेत. कराराची संहिता छोटी आहे व ती प्रत्येकाच्या हाती असावी. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या आंबेडकरांच्या समग्र लेखन व भाषणांच्या खंडांत सायमन कमिशनपुढील निवेदन व गोलमेज परिषदेतील भाषणे आहेत. गांधींची सॅम्युएल होअर व मॅकडोनाल्ड यांना लिहिलेली १९३२ ची पत्रे त्यांच्या संकलित वाङ्मयात आहेत. चांगदेव भवानराव खैरमोडे यांचे बहुखंडी मराठी चरित्र आणि धनंजय कीर यांचे चरित्र ही दुय्यम साधने होत. ‘जनता’ व ‘केसरी’ या पत्रांचे त्या काळचे अंक जवळच्या जुन्या ग्रंथालयात मिळाल्यास विद्यार्थ्यांना एकच घटना दोन वृत्तपत्रांत कशी दिसते हे पाहता येते.

साधन वाचताना ते केव्हा लिहिले गेले हा प्रश्न पहिला विचारावा लागतो. करारानंतर दुसऱ्याच दिवशी, २५ सप्टेंबर १९३२ रोजी, मुंबईच्या हिंदू परिषदेत बोलताना आंबेडकरांनी करारास पाठिंबा दिला व गांधींविषयी समाधानाचे उद्गार काढले. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात मात्र त्यांनी करारावर कठोर टीका केली असून दुसरे मत गमावल्याची हानी जागांच्या वाढीने भरून निघत नाही असे प्रतिपादन केले आहे. वर्गात एक पक्ष पहिला पुरावा पुढे करतो, दुसरा पक्ष दुसरा, आणि दोघेही ‘खुद्द बाबासाहेबांनी म्हटले आहे’ असे म्हणतात. दोन्ही खरे आहेत. पहिले भाषण गांधींचे उपोषण अद्याप सुटलेले नसताना, सार्वजनिक सभेत केलेले. दुसरे लेखन तेरा वर्षांचा व मधल्या निवडणुकांचा अनुभव घेऊन केलेले. कोणते अधिक विश्वसनीय, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. सप्टेंबर १९३२ मध्ये काय वाटत होते हे विचारायचे असेल तर भाषणाचे वजन वाढते, त्याचा पुढे काय परिणाम झाला हे विचारायचे असेल तर ग्रंथाचे. आंबेडकरांनी स्वतः १९२८ मध्ये प्रौढ मताधिकार मिळत असेल तर संयुक्त मतदारसंघात राखीव जागा स्वीकारण्याची तयारी दर्शविली होती, हेही त्याच साधनांत सापडते. भूमिका परिस्थितीनुसार बदलते आणि बदललेली भूमिका म्हणजे विसंगती नव्हे, हे विद्यार्थ्याला येथे पुराव्यानिशी दिसते.

समाजमाध्यमांतून फिरणारी वचने हा अलीकडचा अडथळा आहे. थोर व्यक्तीच्या छायाचित्राखाली छापलेले वाक्य तिचेच असेल असे नाही. ज्या वाक्याचा ग्रंथ, खंड व पृष्ठ सांगता येत नाही ते वादविवादात वापरू नये, असा नियम आधीच जाहीर करणे श्रेयस्कर ठरते.

टिपणे व मांडणी

प्रत्येक पुराव्यासाठी एक स्वतंत्र कार्ड करण्याची पद्धत सोपी व उपयुक्त आहे. कार्डाच्या दर्शनी बाजूवर विधान कोणाचे, केव्हाचे, कोठे छापलेले आणि कोणत्या मुद्द्यासाठी उपयोगी हे लिहावे. मागच्या बाजूवर प्रतिपक्ष त्यावर काय म्हणेल ते लिहावे. मागची बाजू कोरी राहिली तर तो पुरावा अद्याप समजलेला नाही असे धरावे.

भाषण संपूर्ण लिहून पाठ करू नये. पहिल्या वक्त्याने ठरावातील शब्दांचा अर्थ सांगून पक्षाचे दोन किंवा तीन मुद्दे मांडावेत, दुसऱ्याने त्यांना पुरावा द्यावा आणि तिसऱ्याने प्रतिपक्षाच्या सर्वांत बळकट मुद्द्याला हात घालावा. दुबळा मुद्दा शोधून त्याची खिल्ली उडवणे सोपे असते, टाळ्याही त्यालाच मिळतात. पण न्यायदर्शनाच्या भाषेत तो जल्प होय.

काळाचा विपर्यास ही इतिहासविषयक वादांतली सर्वांत सामान्य चूक होय. १९३७ च्या निवडणुकांत काय घडले हे १९३२ च्या सप्टेंबरात कोणालाही माहीत नव्हते. ठराव ‘त्या परिस्थितीत’ असे म्हणत असेल, तर नंतरच्या घटना निर्णयाच्या योग्यायोग्यतेचा पुरावा म्हणून आणता येत नाहीत. वक्त्याने असे केल्यास प्रतिपक्षाला ‘काळाचा आक्षेप’ घेण्याची मुभा द्यावी व अध्यक्षाने त्यावर निर्णय द्यावा.

भाषेचीही पूर्वतयारी लागते. १९३२ च्या कागदपत्रांत ‘अस्पृश्य’, ‘डिप्रेस्ड क्लासेस’ असे शब्द येतात. ते त्या काळाचे शब्द म्हणून वापरले जातील, वर्गमित्रांविषयी नव्हे, हे आरंभीच स्पष्ट करावे. गांधी किंवा आंबेडकर यांची नक्कल करून बोलणे टाळावे. विद्यार्थी त्यांच्या भूमिकेविषयी बोलतो, त्यांचे सोंग घेऊन नव्हे.

वर्गाची रचना

पन्नास-साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात सहाच वक्ते बोलतात आणि इतर बघे होतात, ही या पद्धतीवरील सर्वांत रास्त तक्रार आहे. तिच्यावरील उपाय म्हणजे उरलेल्यांनाही काम देणे. प्रत्येक पक्षामागे आठ-दहा जणांचा संशोधन गट असतो व वक्त्यांना कार्डे तोच पुरवतो. चार-पाच जणांचे पुरावा मंडळ साधने टेबलावर घेऊन बसते आणि कोणी वादग्रस्त विधान केले तर मूळ मजकूर वाचून दाखवते. दोघे इतिवृत्त लिहितात, एक जण वेळ पाहून घंटा वाजवतो. उरलेला वर्ग प्रश्नकर्ता असतो व प्रत्येकाने किमान एक लेखी प्रश्न आधी आणलेला असतो. अध्यक्षपद शक्यतो विद्यार्थ्याकडेच द्यावे. शिक्षक अध्यक्ष झाले की, वक्ते प्रतिपक्षाऐवजी शिक्षकांकडे पाहून बोलू लागतात.

जोडतासिकेत बसणारी एक रचना अशी आहे. दोन्ही पक्षांचे तीन-तीन वक्ते आळीपाळीने प्रत्येकी चार मिनिटे बोलतात. त्यानंतर पाच मिनिटांचा विराम देऊन गटांना खंडनाची तयारी करू दिली जाते. मग वर्गाचे प्रश्न पंधरा ते वीस मिनिटे चालतात आणि शेवटी प्रत्येक पक्ष तीन मिनिटांत समारोप करतो. समारोपात नवा पुरावा आणता येत नाही. एकच तासिका उपलब्ध असल्यास वक्ते दोन-दोन करावेत, परंतु प्रश्नांचा वेळ कापू नये.

मूल्यमापन

गुण देताना पुराव्याची अचूकता, खंडनाची समर्पकता व प्रश्नांना दिलेली उत्तरे यांना वक्तृत्वापेक्षा अधिक वजन द्यावे. उच्चार व प्रमाणभाषा यांचे गुण वेगळे ठेवू नयेत. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी वळणाने बोलणाऱ्या विद्यार्थ्याचा युक्तिवाद बोलीमुळे कमकुवत होत नाही. स्पर्धांच्या परीक्षणात मात्र हे वारंवार विसरले जाते आणि तीच ती चार मुले दरवर्षी व्यासपीठावर दिसतात. संशोधन गट, पुरावा मंडळ आणि इतिवृत्तलेखक यांच्या कामालाही गुण असावेत.

मतदान घ्यायचे असल्यास ते दोनदा घेतात, वादविवादापूर्वी व नंतर. निकालात कोणाची मते जास्त यापेक्षा किती जणांनी मत बदलले व कोणत्या पुराव्यामुळे, हे पाहिले जाते. त्यासाठी दुसऱ्या मतपत्रिकेवर कारणाची एक ओळ लिहिणे बंधनकारक करतात.

मर्यादा व आक्षेप

ठरावाला दोनच बाजू असतात, इतिहासाला मात्र क्वचितच दोन असतात. पुणे कराराचा विचार गांधी विरुद्ध आंबेडकर असाच केला, तर मद्रासचे एम. सी. राजा नजरेआड होतात. अस्पृश्यांचेच नेते असलेल्या राजांनी १९३२ च्या आरंभी डॉ. मुंजे यांच्याशी समझोता करून संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा स्वीकारल्या होत्या. कराराच्या वाटाघाटींत प्राथमिक निवडणुकीची कल्पना सुचविणारे तेजबहादूर सप्रू आणि सवर्ण हिंदूंच्या बाजूने सही करणारे मदनमोहन मालवीय यांचे हेतूही एकसारखे नव्हते. ज्यांच्यासाठी करार झाला त्या सामान्य स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांना त्या काळच्या मर्यादित मताधिकारामुळे मतच नव्हते आणि त्यांचा आवाज उपलब्ध कागदपत्रांत फारच थोडा उमटतो. काही शिक्षक यासाठी दोन पक्षांशिवाय एक तिसरा गट नेमतात. तो कोणत्याही बाजूने बोलत नाही. चर्चेत कोणाचा उल्लेख आला नाही आणि कोणत्या प्रश्नाला दोन्ही पक्षांकडे पुरावा नव्हता, एवढेच टिपून शेवटी वाचून दाखवतो.

दुसरा आक्षेप वर्गातील सामाजिक ताणाचा आहे. जातीशी निगडित विषयावर बोलताना एखाद्या विद्यार्थ्याकडे ‘तुमच्या समाजाला काय वाटते’ अशा अर्थाने पाहिले जाण्याचा धोका असतो. कोणाही विद्यार्थ्याला समाजाचा प्रतिनिधी म्हणून प्रश्न विचारू नये, हा नियम शिक्षकांनाही लागू असतो. असा प्रश्न आल्यास अध्यक्षाने तो तेथेच थांबवून विचारणाऱ्याला करारातील कलमाकडे परत आणावे. वर्गात परस्परविश्वास नसेल, तर पानिपतसारख्या दूरच्या काळातील ठरावापासून आरंभ करून पुणे करारासारखा विषय सत्राच्या अखेरीस घेतला जातो.

तिसरा आक्षेप वेळेचा आहे. अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या घाईत एका घटनेवर दोन आठवडे खर्च करणे अनेक शाळांना परवडत नाही. अशा ठिकाणी वर्षातून एकच पूर्ण वादविवाद घेऊन इतर वेळी त्यातील एखादाच भाग वापरला जातो, जसे की एकाच व्यक्तीची दोन वेगळ्या काळांतील विधाने शेजारी ठेवून वाचणे, किंवा धड्यातील एखाद्या निर्णयाचा पूर्वपक्ष अर्ध्या पानात लिहिणे.